बाळाला कोण धरणार

“साधनाच्या बाळाचं कोण आलंय?”

काचेच्या दारातून हिरव्या कपड्यांतला नर्स बाहेर आला, तेव्हा बाकावर घरची चौघं होती. उठली एकटी अपेक्षा. साधना, तिची मोठी बहीण, बाळंतपणातच गेली होती. सातव्या महिन्यात जन्मलेला तो मूठभर जीव बघायची बाकी कुणात धमक नव्हती.

“मी मावशी. काय करून राहिले त्याचं?”

“डोळे तपासाचे हाये. धराले कोणी पायजे. चला.”

त्याचं नाव योगेश. अमरावतीच्या त्या दवाखान्यात कमी दिवसांची बाळं तो सांभाळायचा. आत जाण्याआधी त्यानं तिला कोपरापर्यंत साबण लावायला सांगितलं.

“नीट घासा. हातावर मेंदी नाही काढून राह्यले.”

“मंग तुमीच घासून द्या.”

ती रागानं बोलली होती... पण त्याचे कान लाल झाले.

डोळा बधिर करायचे थेंब घालतात, तरी तारेच्या चिमट्यानं पापण्या ताणल्या आणि वरून दिव्याचा झोत आला, की एवढंसं बाळ अख्खं ताठ होतं. योगेशनं त्याला मऊ कापडात गुंडाळलं. जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले. मग तिचा एक तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यानं पाय पोटाशी दुमडून धरायला लावले. थोपटायचं नाही, हलायचं नाही. फक्त धरायचं.

“दुखणार नाही न?”

“दुखन. खोटं काहून सांगू? धरलं तं कमी दुखन.”

बहीण गेल्यापासून सगळे तिला खोटंच सांगत होते. देवाची मर्जी, होईल सगळं नीट... आणि हा माणूस तोंडावर म्हणाला – दुखन. तिनं मान वर करून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढच्या प्रत्येक तपासणीला ती आपल्या गावाहून, तिवस्याहून, यायची. कापडाखाली तिची नि योगेशची बोटं एकमेकांना लागायची, आणि दोघंही बाळाकडेच बघत राहायची. अशा जागी असलं काही सुचावं, याची तिला लाज वाटायची. लाज वाटायची, तरी पुढच्या खेपेला ती नवी ओढणी घेऊन आली.

साधनाची सासू माणिकबाई काचेतून बघत होती. तिनं दुसरंच पाहिलं.

“पाहा कसं शांत राह्यते पोट्टं हिच्या हातात. आता शेखरले दुसरी शोधाचं कामच नाही. येत्या रविवारी सुपारी फोडून टाकू.”

अपेक्षाच्या बापानं मान हलवली. तिला कुणी विचारलं नाही, आणि साधनाच्या नवऱ्याला, शेखरलाही, नाही. मेलेल्या बहिणीच्या जागी जिवंत बहीण नेऊन ठेवायची, आणि वर त्याला माया म्हणायचं. ही आपली रीत.

“मीच शिकवलं तुमाले धराले...” दारात उभा योगेश खाली बघत म्हणाला. “चुकलंच माह्यं.”

“मंग आता त्याच्या बापाले शिकवा.”

शेखर व्हरांड्याच्या टोकाला उकिडवा बसला होता. ते काचेचं दार त्यानं एकदाही ओलांडलं नव्हतं.

“भाऊजी, उठा.”

“मले भेव वाटते, अपेक्षा. साधना माह्या हातातच...”

“मलेही वाटते. हात धुवा.”

ती काचेबाहेर उभी राहिली. शेखरनं हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. डॉक्टर थांबले. चिमटा लागला, बाळाचं तोंड वाकडं झालं, आवाज निघाला... पाय बापाच्या तळव्यात रुतले आणि हळूहळू ढिले पडले. शेखर रडत होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

हा लग्नाला नकार आहे, हे माणिकबाईला कळलं.

“नाही म्हणतेस न? मंग मावशीपण बी सोड. बाळाले पाहाले येऊ नको.”

हे अपेक्षानं हिशेबात धरलंच नव्हतं. जिन्यात योगेशनं तिला गाठलं.

“एवढं काहून केलं?”

“तुमच्यासाठी म्हणू का?”

“म्हणा न.”

“नाही. माह्यासाठी केलं. तुमी त्याच्यानंतर.”

“नंतर चालते मले...” तो हसला, पण डोळे भरलेले. “माय अकोल्याले राह्यते माही. येसान भेटाले?”

“येईन.”

तेवढ्यात वरून रडणं ऐकू आलं. चिमणीएवढं, पण तिनं ओळखलं. पाऊल वर वळलं... आणि थांबलं. आत शेखर होता. रडणं बराच वेळ चाललं, आणि ते थांबेपर्यंत ती जिन्यातच उभी राहून ऐकत होती.