फोकसवरची पट्टी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या कॉलरवर एक मुंगी होती.

दुकान मामांचं. कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड भाड्याने देण्याचं. काउंटर मात्र भाची सांभाळायची. परत आलेली लेन्स उजेडासमोर धरून कुठे ओरखडा पडलाय का ते बघायचं, आणि नेणाऱ्याला चार सूचना द्यायच्या, हे तिचं काम. मुंगी पाहून तिने न राहवून हात पुढे केला, तसा तो मागे सरकला.

"राहू द्या. ती माझ्याबरोबर आली आहे."

"मग तिची पावती वेगळी करावी लागेल."

"करा की. फक्त सही मागू नका, तिला लाज वाटते."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने मान खाली घातली आणि आधीच स्वच्छ असलेली लेन्स पुन्हा पुसायला घेतली.

त्याला मॅक्रो लेन्स हवी होती, किड्यामुंग्यांचे अगदी जवळून फोटो काढायची. तो दर आठवड्याला येऊ लागला. बॅगेत कॅमेऱ्यापेक्षा इतर पसाराच जास्त. जमिनीवर कॅमेरा टेकवायला धान्य भरलेली छोटी उशी, फ्लॅशचा उजेड मऊ करायला दह्याच्या डब्याचं कापलेलं पांढरं झाकण. मामांनी त्याचं नाव मुंगीवाला ठेवून टाकलं.

"आला बघ तुझा मुंगीवाला."

"माझा कशाला असेल?"

"बरं बाई, दुकानाचा. पण दुकानाचा माणूस आला म्हणून कुणी वेणी सारखी करत नाही."

एका रविवारी सकाळी त्याला तळ्याकाठी वारा अडवायला कुणीतरी हवं होतं. "छत्री धरायची, बाकी काही नाही," तो म्हणाला, आणि मामा घाईघाईने म्हणाले की दुकान आज मी बघतो. गवतावर दव होतं. एका पात्याच्या टोकावर मुंगी थेंबाला तोंड लावून बसली होती. तो पालथा पडला, आणि ती छत्री घेऊन शेजारी गुडघ्यांवर बसली.

"श्वास रोखा," तो पुटपुटला.

"मी का? कॅमेरा तुमच्या हातात आहे."

"तुमच्या श्वासाने पातं हलतंय."

तिने श्वास रोखला. कॅमेरा टिकटिकत राहिला. फोकस केसाएवढा पुढे, एक फोटो, पुन्हा केसाएवढा पुढे. एवढ्या जवळून मुंगीचा डोळा स्पष्ट आला की मिशा धूसर होतात, आणि मिशा धरल्या की पाय जातात.

"इतकं जवळ गेलं की एका वेळी एकच गोष्ट नीट दिसते," तो म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं... नंतर जुळवून घ्यायचं."

त्याच्या पापणीवर दवाचा बारीक कण होता. तो तिला दिसत होता, आणि तो पुसावासा वाटत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "घेऊ का आता श्वास?"

"अं? हो, घ्या की." तो गोंधळला. "फोटो मघाशीच झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठला असता."

छत्री मिटायला तिला उगाचच फार वेळ लागला.

मग वेधशाळेत फोटोग्राफरची जागा निघाली. कायमची नोकरी, आणि तीही ह्याच गावात. निवडीसाठी अर्जाबरोबर रात्रीच्या आकाशाचा एक स्वतः काढलेला फोटो द्यायचा होता. दुसरीकडे, फार लांबच्या एका बियाण्यांच्या कंपनीने त्याला पिकांवरच्या किडींचे फोटो काढायला बोलावलं होतं.

"किडे माझ्या ओळखीचे आहेत, तारे नाहीत," तो काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला. "पण ताऱ्यांचं जमलं, तर मी इथेच राहीन. आणि राहिलो, तर... मला मामांशी थोडं बोलायचं आहे."

"लेन्सबद्दल?"

"नाही. लेन्सबद्दल नाही."

तिचे कान तापले. मुदतीआधी चंद्र नसलेली एकच रात्र उरली होती, आणि त्या रात्री तो गावाबाहेरच्या टेकडीवर जाणार होता. त्या दुपारी तिने बरंच आभाळ एका फोटोत घेणारी सगळ्यांत चांगली रुंद लेन्स काढली, मोठा ट्रायपॉड काढला, आणि डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून लाल काचेची बॅटरीही बॅगेत घातली. आपल्या हातचंही काहीतरी त्याच्याबरोबर टेकडीवर जावं असं तिला वाटत होतं. म्हणून तिने दुकानाच्या दारातून दूरच्या मनोऱ्यावर फोकस जुळवला, आणि अंधारात धक्का लागून लेन्सवरचं फोकसचं कडं हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. मन लावून, कडा बोटाने दाबून दाबून.

"सगळं लावून दिलंय," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"तुम्ही लावलंय म्हटल्यावर मी हातसुद्धा लावणार नाही."

काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच बजावायची, की ताऱ्यांचा फोकस तिथे, थंडीत, लेन्स गार झाल्यावरच जुळवा. दुकानातल्या उबेत जुळवलेला तिथे टिकत नाही. धातू आकसतो, जरासा फरक पडतो, आणि आकाशात तो जरासा म्हणजे सगळंच असतं. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र तिला ते आठवलंच नाही.

रात्री झोपण्यापूर्वी ती गच्चीत जाऊन आली. आभाळ धुऊन ठेवल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सामान परत आणून ठेवलं. डोळे जागरणाने लाल.

"फोटो?" तिने विचारलं.

"ढग आले," तो म्हणाला. "ऐन वेळी. नशीब आपलं."

आणि निघून गेला. तिला काही कळेना. ढग? संध्याकाळी लग्नांचे फोटो काढणारं एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि मामांसमोर खुर्ची ओढून बसलं.

"काल टेकडीवर काय आभाळ होतं, मामा. अशी रात्र वर्षात एखादीच. तुमचा मुंगीवालाही होता तिथे. पहाटे लॅपटॉपवर फोटो मोठे करून बघतो, तर सगळे तारे कापसाच्या बोंडांसारखे फुललेले. एक धड नाही."

"अरेरे. असं कसं झालं?"

"पट्टी! खाली गावातूनच फोकसवर पट्टी लावून आला होता शहाणा. मी विचारलं, कुणी शिकवलं रे हे तुला? तर म्हणतो, माझीच अक्कल. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर तारे बरे दिसले, म्हणून बिचारा बसला रात्रभर बटण दाबत."

ती लेन्सच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. मामा काहीतरी विचारत होते. ते तिला ऐकू येत होतं, पण ती कपाटातल्या लेन्स पुन्हा ओळीत लावत राहिली.

त्याने कंपनीला होकार कळवला. जायच्या दिवशी तो दुकानावर आला, तेव्हा टॅक्सी बाहेर उभी होती. तिने एकच वाक्य मनात घोकून ठेवलं होतं. पट्टी मी लावली होती, चूक माझी आहे. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल, असं तिला वाटत होतं.

"तुमच्याशी बोलायचं होतं," ती म्हणाली. "त्या रात्रीबद्दल..."

"त्यात काय बोलायचं?" तो घाईने म्हणाला. "ढगांवर का कुणी रागावतं? तुम्ही सगळं किती नीट लावून दिलं होतं. आभाळच फिरलं, त्याला तुम्ही काय करणार?"

हे त्यानेही घोकलेलं होतं, हे तिला स्वच्छ कळलं. तिच्यासाठी त्याने ते ढग किती जपून आणले होते. ते आपण एका फटक्यात उडवून लावायचे? त्याचा चांगुलपणा त्याच्याच तोंडावर फेकायचा?

"हो ना," ती म्हणाली. "मीही गच्चीत गेले होते. ढगच होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या रात्री ढग नव्हते हे त्याला माहीत होतं. म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो काहीतरी बोलणार होता, नक्की बोलणार होता, पण तिने मान खाली घातली. त्याला वाटलं असावं, तिला हा विषय नकोच आहे.

"बरं... येतो मी. मामांना नमस्कार सांगा."

"सांगते. जपून जा."

टॅक्सी निघाली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. खरं बोलले असते, तर तो चिडला असता, नाहीतर हसला असता. मी रडले असते. मग कुणीतरी कुणाची तरी समजूत काढली असती, आणि तेवढ्यात सगळं बोलून झालं असतं. आम्ही दोघं फार सभ्यपणे वागलो.

रस्त्याच्या टोकाशी एका ट्रकमधून फर्निचर उतरवत होते, आणि टॅक्सी त्याच्यामागे अडकून पडली होती. मागच्या काचेत त्याचं डोकं दिसत होतं. एकदा ते वळलंही. आधी कपाट उतरलं, मग पलंग, मग आरसा, आणि आरसा कसा धरायचा यावरून हमालांचं बराच वेळ चाललं होतं. ती धावली नसती, नुसती चालत गेली असती, तरी पोचली असती.