गारा, सिगडी आणि पूल

नर्मदेची परिक्रमा गाडीतून करायची, गाडीतच राहायचं, मैया सदा उजव्या हाताला ठेवायची आणि ग्वारीघाटावर परत यायचं. एवढ्यासाठी आम्ही चौघं जबलपूरहून निघालो होतो! हौस माझ्या सासूबाईंची, पुष्पाबाईंची. पायी जायचं वय त्यांचं संसारातच गेलं. म्हणून त्यांच्या लेकानं, म्हणजे आमच्या रत्नाकरांनी, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. नोकरी गाड्यांच्याच कारखान्यात! सीटा काढल्या, झोपायला बाक ठोकले, ओटा बसवला. चौथी आमची लेक, प्रणोती. कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी.

नियम एकच, पण कडक. समुद्रापाशी होडीनं जातात तेवढं सोडलं, तर नदी कुठंच ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित, पुन्हा पहिल्यापासून! वाटेत पूल दिसला की सासूबाई, आमच्या आई, तोंड फिरवून बसायच्या.

अशा गाडीत राहायला डोकं ठिकाणावर लागतं बरं का. पहिल्याच घाटात वरच्या फळीवरचा कुकर रत्नाकरांच्या टकलावर आला, तेव्हापासून जड भांडी खाली. चालत्या गाडीत सिलिंडर बंद. मुक्काम उजेडी गाठायचा आणि गाडी टणक जमिनीवर, तोंड रस्त्याकडे करून लावायची. आणि घरातल्या दोघांना तरी ती चालवता आली पाहिजे! मी जबलपूरच्या राइट टाउन वस्तीत स्कूटरवर फिरणारी बाई, पण रत्नाकरांनी मैदानात नेऊन नेऊन मला शिकवलंच. सगळं शिकलो आम्ही. एक तेवढं राहिलं.

घर एका दिवसावर आलं होतं. सागाच्या जंगलात दुपारी गाडी उभी केली. जानेवारीची थंडी, झाडांमधून दिसणारं मैयाचं हिरवं पाणी, माणूस नाही की काणूस नाही. आईंना गक्कड-भरता खायचा होता. जबलपूरचा माणूस कुठंही जाओ, निखारा दिसला की त्यावर कणकेचे गोळे आणि वांगी भाजणारच! कोळशाची सिगडी पेटवली, वांगी भाजून सोलून झाली, आणि आभाळ फाटलं.

गारा! बोराएवढ्या! टपावर ताडताड ताशा!

"विस्तव काहून वाया घालवता? आत घ्या सिगडी," आई ओरडल्या.

रत्नाकरांनी खाली फरशीचा तुकडा ठेवला, गाडीला आग नको म्हणून. तेवढीच अक्कल चालली! प्रणोती कुडकुडत होती, म्हणून तिच्या बाकापाशी सिगडी ठेवली. काचा लावल्या, दार ओढून घेतलं. काय ऊब आली म्हणून सांगू!

थोड्या वेळानं माझं डोकं ठणकायला लागलं.

"माह्यंही दुखून राहिलं," आई म्हणाल्या. "भुकेनं असंल."

मी भरता कालवला आणि प्रणोतीला हाक मारली. उत्तर नाही. हलवलं. तिची मान कलंडली.

"अहो! ही सिगडी! हिचा वायू भरला आत!"

रत्नाकर उठले आणि धाडकन बसले. पायांत जोरच नव्हता! मी दार ढकललं. आईंनी आणि मी पोरीला फरफटत बाहेर काढलं. गारा झोडपत होत्या. मी सिगडी पदरानं धरून चिखलात भिरकावली. प्रणोतीचा श्वास चालू होता, पण डोळे उघडेनात. फोनला रेंज नाही!

मी दाराच्या फटीशी बसले होते म्हणून जरा शुद्धीत होते. पोरीला पुन्हा आत निजवलं आणि गाडी मीच घेतली. साऱ्या काचा उघड्या, गारा थेट तोंडावर. जबलपूरच्या वाटेवरचा नाला दुथडी भरून वाहत होता. मागे वळले! चाक घसरलं. सावरलं! दुसऱ्या फाट्यावर पूल आला. पाटी होती: सरकारी दवाखाना, पलीकडे.

पुलाच्या तोंडाशी माझा पाय ब्रेकवर गेला. खरं सांगते, मला रडू फुटलं. एवढी नदी फिरून आलेली ती बाई, घर उद्यावर, आणि तिचं सगळं मी माझ्या हातानं मोडायचं?

"थांबली काहून?" मागून आवाज आला. प्रणोतीचं डोकं आईंच्या मांडीवर होतं.

"आई, पूल..."

"दिसते मले पूल! माह्या पोरीहून मोठा हाय का तो? चालव!"

मी चालवली. आरशात पाहिलं, तर आईंनी पाण्याकडे बघितलंही नाही. प्रणोतीच्या नाकाशी बोट धरून बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला आणि आम्हाला झाप झाप झापलं. "बंद गाड़ी में सिगड़ी? पढ़े-लिखे लोग हैं आप!" संध्याकाळी प्रणोतीनं डोळे उघडले. रत्नाकर भिंतीला टेकून हुंदके देत होते.

सकाळी तिला सोडलं. आई दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, डोळे ओले.

"आई, वाईट वाटून राहिलं?" मी विचारलं.

"वाटते. खोटं काहून बोलू?"

प्रणोती त्यांच्याजवळ येऊन बसली. "आजी, परिक्रमा मेरी वजह से टूट गई ना?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

"चूप! तुह्यं काय चुकलं? आम्ही मोठे लोक घुसलो ना आत सिगडी घेऊन." आईंनी तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली, गळ्यापाशी नीट खोचली. मग लेकाकडे वळल्या.

"रत्नाकर, मोडली ते मोडली. आता परत पुलावरूनच घे गाडी. पोरीले लवकर घरी निजवू."