टाचेखालची नळी

सादाहारू इवाबुचीने नोबुयोशी लग्न केलं तेव्हा तो साठीला टेकला होता. योकोहामाच्या गोदीत जहाजांच्या नळ्या बसवण्यात त्याची सगळी उमर गेली. निवृत्त झाल्यावर तो सुवा तळ्याकाठी तिच्याच घरी राहायला आला. घर तिच्या पहिल्या नवऱ्याने, केइगो हिरासावाने बांधलेलं. केइगो वारून बरीच वर्षं झाली होती, तरी शेजारपाजारचे अजून ‘हिरासावांचं घर’ असंच म्हणायचे. सादाहारू ते हसून सोडून द्यायचा.

शेडमधल्या गाडीचं मात्र तसं नव्हतं. केइगोची, लाल रंगाची, बसकी, दोनच सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. नोबुयो महिन्यातून एकदा तिच्यावरची ताडपत्री काढून धूळ पुसायची. पुसून झाली की डावीकडे, आपल्या जागेवर, जरा वेळ नुसती बसून राहायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सादाहारूला ते दिसायचं, आणि त्या दिवशीचं जेवण त्याला गोड लागायचं नाही.

त्या शरद ऋतूत ती म्हणाली की गाडी एकदा चालू झाली तर किरिगामिनेच्या पठारावर जाऊन येता येईल, बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत. सादाहारूने लगेच होकार दिला. मनात त्याने वेगळाच हिशेब केला होता. गाडी आपल्या हातून चालू झाली की ती आपली होईल.

इंजिन ठीक होतं. दोन्ही कार्बोरेटर त्याने उघडून धुतले, आतले तरंगणारे गोळे आणि सुया बदलल्या. खराब झाली होती ती मागच्या टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारी लोखंडी नळी. आतून गंजून तिचा भुगा पडत होता. ती काढताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. डाव्या सीटच्या पायांखाली येताच नळी अर्धचंद्रासारखी बाहेर वळली होती आणि पुढे जाऊन पुन्हा रांगेत आली होती. तिथे अडथळा कशाचाच नव्हता, सायलेन्सरची धगही त्या बाजूला नव्हती.

रात्रीच्या जेवणाला त्याने तो विषय काढला. म्हणाला, उगाच वळसा घातलाय, पेट्रोलला नसता त्रास. तुझ्या केइगोला नळीकामातलं काही कळत नव्हतं.

“ते मुद्दाम केलं होतं,” नोबुयो म्हणाली. “माझ्या टाचेखालून काहीतरी वाहतंय असं मला वाटायचं. ते म्हणाले, मग आपण बाजूने नेऊ.”

बोलताना ती ज्या तऱ्हेने हसली, तसं हसू सादाहारूच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्याने नवी नळी आणली आणि पट्टी लावून आखल्यासारखी सरळ बसवली. रबरी अस्तराच्या पकडी ठराविक अंतरावर आवळल्या, दोन्ही टोकांना रबरी नळ्या चढवून क्लिपा घट्ट केल्या. पंप चालू करून पाहिला. कुठे थेंबसुद्धा गळला नाही. गोदीतल्या मुकादमानेही मान डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पकडी तपासायला गाडीखाली सरकला, तेव्हा नळी डाव्या सीटखाली अर्धचंद्रासारखी वळलेली होती.

त्याने बोटांनी ते वळण चाचपून पाहिलं. मग रागाने त्याचे कान तापले. केइगोचा एखादा जुना दोस्त येऊन गेला असणार, आणि नोबुयोनेच त्याला बोलावलं असणार. चहा पिताना त्याने तिला सरळच विचारलं.

“मी कुणाला कशाला बोलावू?” ती म्हणाली. “आणि तुमच्या कामात ढवळाढवळ करायला मला त्यातलं काय कळतं?”

तिचा चेहरा खरा वाटत होता. त्याचाच त्याला जास्त राग आला.

ती नळी काढून त्याने दुसरी सरळ नळी बसवली, या वेळी जाड पत्र्याची. शेडला नवं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवून झोपला. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. नळी वळलेली होती. पकडीही वळणाबरोबर सरकल्या होत्या, आणि स्क्रूवर पान्याचा एक ओरखडा नव्हता.

काढलेली पहिली नवी नळी घेऊन तो आगगाडीने योकोहामाला गेला. गोदीत त्याच्याबरोबर काम केलेल्या तोबिताचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. तोबिताने वळणावर नळी आडवी कापली, चष्मा कपाळावर सारून मापली, मग पुन्हा मापली.

नळी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणून पातळ होते आणि आतली दाटते. त्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ही नळी सगळीकडे सारखीच जाड होती.

“ही कुणी वाकवलेली नाही, सादा,” तोबिता म्हणाला. “ही अशीच घडलीय. कुठे बनते सांग, मलाही हव्यात.”

सादाहारूने तुकडे कागदात गुंडाळून घेतले आणि परतीच्या प्रवासात एका स्टेशनवरच्या कचराकुंडीत टाकून दिले.

घरी आला तर नोबुयो शेडमध्ये, डाव्या सीटवर बसली होती. पाय मोकळे पसरले होते. “छान झालंय हो,” ती म्हणाली. “अगदी पूर्वीसारखं.” ती गाडीखाली कधी वाकली नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो गाडीखाली सरकला आणि त्याने वळणावर हात ठेवला. शेडमध्ये गारठा होता, बाकीची नळी बोटांना डसत होती. वळण मात्र कोमट होतं.

त्याने ते तसंच राहू दिलं. दुसरं काय करणार? चार दिवसांत घाट बंद होणार होता.

रविवारी ऊन छान पडलं होतं. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. चढावर इंजिन एकदाही अडखळलं नाही. नोबुयो डोक्याला रुमाल बांधून बसली होती आणि एकसारखी बोलत होती. या वळणावर एकदा कोल्हा आडवा गेला होता, त्या टपरीवरचे भाजलेले मोची, तांदळाचे ते चिकट गोळे, कसे जळके असायचे, काय काय. मध्येच तिने गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. सादाहारूच्या छातीतली इतक्या दिवसांची ठसठस विरून गेली. मेलेल्या माणसाची त्याला जवळजवळ कीव आली.

पठारावर वाळलेलं गवत वाऱ्याने लवत होतं. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि जोड बघून येतो म्हणून उतरला. बॉनेट उघडून त्याने रबरी नळ्या चाचपल्या, वास घेतला. सगळं कोरडं ठणठणीत. बॉनेट लावून, हात पुसत, तो तिच्या बाजूला आला आणि वाकला.

नोबुयोने वर पाहिलं. पदर सावरावा तसा तिने कोट सावरला.

“अय्या, इवाबुचीसान,” ती म्हणाली. “तुम्ही इकडे कुठे? बसने आलात का?”

त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. तो हसला. ती हसली नाही. शेजारपाजारच्या माणसाशी बोलावं तसं अदबीने बघत राहिली.

“नोबुयो,” तो म्हणाला.

आपल्या नावाने हाक मारलेली तिला आवडली नसावी. तिने नजर वळवून स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

“तुम्हालाही खाली सोडलं असतं,” ती हळूच म्हणाली. “पण गाडीत दोनच माणसं बसतात हो. आणि यांना थांबायला आवडत नाही.”

तिने मान लववून त्याचा निरोप घेतला आणि काच वर केली.