मानसिंगतात्यांचं कुंपण

"निवडुंगाच्या चिकाचा एक थेंब जरी अंगाला लागला, तर मिशी उतरवून देईन!" फौजेतनं परतलेले मानसिंगतात्या म्हणाले.

साल चौऱ्याहत्तर. म्हसवडच्या अलीकडं त्यांचं रान, लागून माझं, मधी नुसता बांध. तयारी मातूर झकास व्हती. डोळ्याला फौजी गॉगल, हातात कातडी मोजे. त्रिधारी निवडुंगाचे पुरुषभर दांडे तोडले, तसा पांढरा चीक गळाय लागला. काप सुकस्तवर दांडे सावलीत ठेवले, मग बांधावर कोरड्या मुरमात रोवले. रांग वाकडीच झाली. तात्यांनी कवायतीतला हुकूम सोडला, "दाहिने सज!"

"तात्या, झाडं हायत ती."

"जोतीराम, कुंपणालाबी शिस्त लागती रं."

सकाळी रांग दोरी लावल्यागत सरळ!

चार दिसांनी ती माझ्या ज्वारीत उभी. मागं खड्डा न्हाई, माती उकरल्याली न्हाई. मग माझ्या विहिरीच्या काठाला.

"विहीर गेली तर पिऊ काय? चीक?" मी भडकलो.

"म्या हातबी लावला न्हाई!" तात्या तडकले. मग रांगेकडं बघून आवाज उतरला. "यांना 'तेज चल' मी कवा म्हणलो?"

विहिरीवर झुकल्याली फांदी त्यांनी छाटली आणि वरडले, "पीछे मुड! तेज चल!"

पान हाललं न्हाई. आमी पोट धरून हसलो. तात्यांनी चिकाच्या बाजूनं धरून मोजे काढले आणि ऐटीत तंबाखू मळली.

दुपारपत्तुर ओठ भरल्या वांग्यागत. जीभ वळंना.

"मिशी कवा उतरवताय?" त्यांच्या कारभारीण अंबूबाई म्हणाल्या. "लय वर्सांनी घरात शांतता हाय बघा, भावजी."

दुसऱ्या सकाळी माझी विहीर मोकळी! मी गूळ वाटला.

पण रांग थांबंना. रोज सकाळी तात्यांच्या घराच्या आणखी जवळ. तात्या "थम" म्हणाय जायचे, तोंडातनं नुसतं "फफ्". मी वरडलो, अंबूबाई वरडल्या. आमचं कोण ऐकतंय?

एका सकाळी खणखणीत आवाज आला, "थम!"

मी पळत गेलो.

रांग थांबली व्हती. घरातनं आरपार.

भिंतीला चीर न्हाई. उतरंडीचं गाडगं हाललं न्हाई. एक दांडा चुलीपाशी, सारवणावर, बुडाला मातीचा कण न्हाई.

एक दारात.

"ऐकलं रं माझं!" तात्या आतनं हसले. वाट करायला त्यांनी उघड्या हातानंच दारातल्या दांड्याची फांदी मोडली.

"तात्या, आता 'तेज चल' म्हणा!"

चुलीपाशचा शेंडा हळूच त्यांच्याकडं वळला.

"म्हणतो की," तात्या म्हणाले, आणि खुशीत तंबाखू मळून ओठात धरली.