सात नंबरचे जास्तीचे आवंढे

"कोणी सांगितलं तुम्हाला पाणी प्यायला?"

मी दारातूनच ओरडले. पेशंटच्या खुर्चीत बसलेला माणूस हातात ग्लास धरून खोकत होता, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना मी तपासते. आमच्याकडे न विचारता पाणी पिणं म्हणजे महापाप. घोट चुकीच्या नळीत गेला की थेट फुप्फुसात.

"मी... पेशंट नाही," तो कसाबसा म्हणाला. "यंत्र घेऊन आलोय. तुम्ही एकदम आलात ना — म्हणून ठसका लागला."

त्या दिवसापासून मी त्याला ठसकेसाहेब म्हणू लागले आणि तो इंजिनिअर मुकाट्यानं 'ओ' देऊ लागला.

त्याचं यंत्र म्हणजे बटणाएवढी चकती. गळ्यावर चिकटवायची, की गिळण्याचा आवाज आणि कंठाची हालचाल ती टिपते आणि पडद्यावर एकेका घोटाचा उंचवटा उमटतो. नाकातून नळी नको, एक्स-रेच्या खोलीत नेणं नको. माझ्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना त्या खोलीपर्यंत नेताना त्यांचे जे हाल होतात ते मी रोज बघते. मला ते यंत्र हवंच होतं.

आधी बारा धडधाकट माणसांवर चाचणी करायची होती. सगळी आमच्याच कर्मचाऱ्यांपैकी, आणि एक जण कमी पडला म्हणून ठसकेसाहेब. प्रत्येकाला चमच्यानं दहा घोट मी पाजायचे, गळ्यावर दोन बोटं ठेवून मोजायचे.

"मान जरा वर करा," मी ठसकेसाहेबांना म्हणाले.

"अशी?"

"एवढी नको. छत नाही बघायचं."

"मग कुठे बघू?"

"समोर."

"समोर तर तुम्ही आहात."

"मग डोळे मिटा!"

मिटले नाहीत. मीही पुन्हा सांगितलं नाही... का, ते मला विचारू नका.

तीन आठवड्यांनी चाचण्या संपल्यावर, पक्षपात नको म्हणून आमच्या सिस्टरनी नोंदींवर नावांऐवजी नंबर घातले आणि नावांची यादी पाकिटात बंद केली. आमच्यासमोर नुसते आकडे. अकरा जणांचं गणित चोख जुळलं. सात नंबरनं मात्र घोळ घातला. माझ्या वहीत दहा घोट, पडद्यावर चौदा.

"याचा घसा कोरडा पडतोय," मी ठामपणे म्हणाले. "साखर तपासायला सांगा बिचाऱ्याला."

ठसकेसाहेब घाईघाईनं पडदा पुसू लागले.

आमच्या विभागप्रमुख मोठ्या मॅडमनी त्या दुपारी कागद बघितले आणि चष्मा काढला. "न गिळता गिळलं म्हणणारं यंत्र मला नको. उद्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी जाईल आणि हे म्हणेल, सगळं ठीक. हे चार कुठून आले ते आत्ता सांगा, नाहीतर यंत्र परत न्या."

यंत्र जाणार. आणि — खोटं कशाला बोलू — यंत्राबरोबर तोही जाणार.

"मॅडम, यंत्र बरोबर आहे," तो खालमानेनं म्हणाला. "सात नंबर मी आहे. ते चार आवंढे खरेच होते. यांची बोटं गळ्याजवळ यायची ना... ती टेकायच्या आधी. माझा इलाज नव्हता."

सिस्टरनी पाकीट फोडून बघितलं आणि तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून फाइल धरली. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मॅडम जराही हसल्या नाहीत. "नुसत्या बोलण्यावर सही करत नाही मी. पुन्हा लावा."

चकती लागली. आधी सिस्टरनी पाजलं. दहा घोट, दहा उंचवटे. मग चमचा माझ्याकडे आला. पहिला घोट मी त्याच्या शर्टावरच सांडला. मी बोटं पुढे केली, अजून टेकलीही नव्हती, तोच पडद्यावर उंचवटा! दुसऱ्या घोटाआधी पुन्हा.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सही केली. "यंत्र राहू दे. फक्त पुढच्या वेळी याला सिस्टर पाजतील." आणि सिस्टरना घेऊन बाहेर गेल्या.

तो चकती सोडवत बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"राग आला?" त्यानं विचारलं.

"आला. तीन आठवडे गप्प बसलात त्याचा. वर मी तुमची साखर तपासायला निघाले होते!"

"काय सांगणार होतो? तुम्ही नुसतं आकड्यांबद्दल बोलायचात."

"मग आता ऐका." मी चमचा खाली ठेवला. "तुम्ही मला आवडता. फार आवडता. हे मी माझ्या तोंडानं सांगतेय, पडद्यावर शोधत बसू नका."

त्याच्या हातातली चकती खाली पडली. तो ती उचलायचंही विसरला, नुसता माझ्याकडे बघून हसत राहिला. त्या हसण्यानं माझं मन इतकं भरून आलं की मीच जवळ जाऊन त्याचा हात धरला.

दारावर टकटक झाली. सिस्टर विचारत होत्या, "पुढचा पेशंट पाठवू का?"

"पाच मिनिटं थांबा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.