बैठकीचं पक्कं

लढाई संपली आणि नगरच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या मोटरसायकली विकायला निघाल्या. त्यातली एक शामकांतने घेतली. इंजिन उत्तम होतं. बसायची जागा मात्र बहुधा शत्रूसाठी बनवलेली असावी. विहिरीवरची ऑईल इंजिनं विकत तो नगर, राहुरी, बेलापूर हिंडे, आणि गिऱ्हाईक "बसा" म्हणालं की म्हणे, "नको, उभाच बरा आहे."

शिवाय तो शुद्ध मराठीचा अभिमानी. सगळा जिल्हा जिला 'शीट' म्हणे, तिला तो 'बैठक' म्हणे. मोटरसायकलला मात्र मोटरसायकलच म्हणे. 'स्वयंचलित द्विचक्री' म्हणेपर्यंत ती पुढे निघून जाई.

एकदा राहुरीत भुरभुर पाऊस लागला. चहाच्या दुकानात रिकाम्या बाकाशेजारी तो उभा होता. मुलींच्या शाळेतली शिवणाची बाई, सुनीती, छत्री मिटत आडोशाला आली.

"बसा की. बाक रिकामं आहे."

"तुम्ही बसा. माझं... बैठकीशी जरा वाकडं आहे."

तिने मोटरसायकलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पुढे होऊन बैठकीवर अंगठा दाबला.

"अहो, हा तर पाटा! यावर वाटण वाटतात, बसत नाहीत. वर गादी शिवून घ्या."

"कशाची?"

"काथ्याची, सावरीची, नाहीतर लोकरीची. ते बसणाऱ्यानं ठरवायचं."

बसणाऱ्याने ठरवायला दिवाळी आणली. सुनीती शिवून देई, तो हिंडून येई. काथ्याची टोचली. "कुठं?" तिने विचारलं, आणि मग दोघंही बराच वेळ रस्त्यावरच्या म्हशीकडे पाहत राहिले. सावरीची बेलापूरला पोचेपर्यंत पापड झाली. लोकरीची पहिल्याच दिवशी जमली; म्हणून तो म्हणाला, "अजून नक्की सांगता येत नाही. लांबचा पल्ला मारायला हवा."

"मग नगरहून पारनेरला जाऊन या."

"जाईन की. जाताना इथं थांबेन."

"पारनेरला... राहुरीवरून? उलट्या दिशेनं?"

"मला तोच रस्ता ठाऊक आहे."

तिने मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

पुढच्या खेपेला मात्र ती हसली नाही. "बेलापूरची मंडळी यायची आहेत. मला पाहायला. बाबांना स्थळ पसंत आहे."

"आणि... तुम्हाला?"

"विचारलंय कोणी?"

विचारण्याची हीच वेळ होती. शामकांत म्हणाला, "लोकर छान आहे." मग नगर येईपर्यंत त्याने स्वतःला जे ऐकवलं, ते शुद्ध मराठीत नव्हतं.

नगरच्या बाजारात त्याला सुनीतीची शेजारीण लंकाबाई भेटली. तो म्हणाला, "सुनीतीबाईंना सांगा, रविवारी बैठकीचं पक्कं करायला येतो." गादी पक्की शिवून घ्यायची आणि धीर झालाच तर बाकीचंही बोलायचं, असा बेत.

रविवारी गादी काखेत मारून तो पोचला, तर ओसरीवर जाजम अंथरलेलं. नारळ, सुपारी, गावातली चार पोक्त माणसं. सुनीतीचे वडील मार्तंडराव पुढे आले.

"या, या! घरचं वडीलधारं कोणी आणलं नाहीत?"

"गादी आणलीय."

"अहो, बैठकीला आमच्याकडे जाजम आहे!"

लंकाबाई दारातून म्हणाली, "म्या काय वंगाळ सांगितलं? बैठकीचं पक्कं करायला येतो, आसंच म्हनला व्हता ना तुमी?"

अडकित्ता थांबला. सुनीती पाणी घेऊन आली. वाकून ती हळूच म्हणाली, "गैरसमज झालाय, सांगून टाका... तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. बेलापूरची मंडळी उद्या येताहेतच."

शामकांतने पाणी घेतलं. प्यायला विसरला.

"मार्तंडराव, मी गाडीच्या बैठकीबद्दल म्हणालो होतो," तो म्हणाला. सुनीतीची मान खाली गेली. "पण मला... ही बैठकच हवी होती. फक्त मुलीलाही विचारा."

मार्तंडरावांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी आत पळाली. असल्या बाबतीत हे उत्तर पुरेसं असतं.

"आई-वडिलांना पुढच्या रविवारी आणतो," असं म्हणत राहुरीत प्रथमच तो मांडी घालून बसला.

"बेलापूरला मी आजच निरोप धाडतो," मार्तंडराव म्हणाले. "मग तुमच्या अटी बोला."

"एकच. माझ्या गाडीला मागे बैठक नाही. तेवढी—"

"मागची केव्हाच भरून ठेवलीय," माजघरातून आवाज आला. "लोकरीची."

लंकाबाईने कपाळावर हात मारला. "तरीच! म्या म्हनलं, येका मान्साला दोन शिटा कशाला शिवती ही पोर!"