आतल्या लाइनचा कॉल

जवळ सरका, पण मधे बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो आपल्या रोजच्या बसण्या-उठण्यातला. एका खासगी ॲम्ब्युलन्स सेवेच्या ऑफिसात खरेदी बघायचा. तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायचा नाही, म्हणून सगळे त्याला कोटेशनदादा म्हणायचे.

तर दादाला साहेबांनी एक काम सांगितलं. ऑफिसच्या फोनवरची बोलणी रेकॉर्ड करणारं यंत्र आणायचं. स्वस्तातलं.

आता हे का सुचलं? चार महिन्यांपूर्वी एका बाईकडे गाडी वेळेत पोचली नव्हती. बाई गेली. नवऱ्यानं तक्रार केली. साहेबांनी हात झटकले, म्हणाले, फोनवरच्या ताईचा हलगर्जीपणा. अठरा वर्षं ती त्या फोनवर बसत होती, साहेब नोकरीला लागायच्या आधीपासून. पेपरात तिच्याबद्दल चार ओळी आल्या. छापणाऱ्यांपैकी एकालाही तिच्या दाराची कडी वाजवावीशी वाटली नाही! तिला काढून टाकलं. तीन आठवड्यांनी ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. काहीतरी लिहावं लागतंच त्यांना.

“मग चूक कोणाची होती?”

मधे बोलू नका म्हटलं ना! सांगतो. त्या रात्री गाडी ऑफिसच्या दारात उभी होती. ड्रायव्हर आत बसलेला. ताईनं आतल्या लाइनवरून विचारलं, तेव्हा साहेबांनी सांगितलं, ती गाडी एका बड्या माणसासाठी राखून ठेव, त्या नवऱ्याला म्हणावं वीस मिनिटं लागतील. ताईच्या एका कानाला बाहेरचा फोन, हातात पेन, म्हणून आतला फोन तिनं स्पीकरवर टाकला होता. शेजारच्या टेबलावर दादा ऑक्सिजनच्या सिलिंडरांची मोजणी लिहीत होता. साहेबांनी फोन ठेवला. ताई वळली.

“दादा, ऐकलंत ना?”

दादानं मान खाली घातली. पुढे चौकशीत विचारलं, तेव्हा म्हणाला, “माझं लक्ष नव्हतं.”

एवढंच. दोन-तीन शब्दांत माणूस मारता येतो.

तर यंत्र. तीन कोटेशनं आली. पहिलं महाग, दुसरं मधलं, तिसरं निम्म्या किमतीत. यंत्र बसवणारी बाई चोख होती. तिनं आधीच सांगितलं, “यात बाहेरून येणारे-जाणारे कॉल रेकॉर्ड होतील. ऑफिसातल्या ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर केलेले होणार नाहीत. त्याला वेगळं कार्ड लागतं.”

“आतलं कशाला?” साहेब म्हणाले. “घरात काय चोर पाळलेत?”

सगळे हसले. दादाही हसला. तिसऱ्या कोटेशनवर सही त्यानंच केली.

यंत्र बसलं. आठवडाभर तपासायचं, मग पसंतीचा कागद द्यायचा, अशी दादाची पद्धत. तो डिसेंबरातला दुसरा बुधवार. रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पुढच्या खोलीत नवी ऑपरेटर पेंगत होती. मागच्या खोलीत दादा कानाला हेडफोन लावून एकेक कॉल ऐकत होता. ठीक. ठीक. पुढचा. ठीक.

यादीच्या तळाशी एक कॉल होता. ताईच्या टेबल एकवरून साहेबांच्या टेबल चारला.

आतला.

दादानं चष्मा पुसला. कॉल होताच. त्यानं तो लावला.

आधी खरखर. मग ताईचा आवाज... तोच, घाईतसुद्धा न चढणारा.

“साहेब, बाईला श्वास घेता येत नाहीये. गाडी दारातच आहे. सोडू?”

मग शांतता. साहेबांचा आवाज जिथे असायला हवा, तिथे काहीच नाही.

“...बरं, साहेब.”

खट्. फोन ठेवल्याचा आवाज.

आणि मग, अगदी कानाजवळ...

“दादा, ऐकलंत ना?”

दादानं बंद करायचं बटण दाबलं. बंद झालं नाही. हेडफोन काढले. आवाज खोलीत होता.

“दादा, ऐकलंत ना?”

रागाचा नव्हता तो आवाज. राग असता तर बरं झालं असतं. ती विचारत होती, आणि थांबत होती. उत्तर येईल म्हणून. दर वेळी जरा जास्त थांबत होती.

“दादा...”

भिंतीवरचं घड्याळ.

थंडगार फरशी.

“दादा...”

नुसता श्वास.

दादा रडत होता, हे त्याला नंतर कळलं. ओठ हलले. शब्द फुटेना. मग फुटला.

“ऐकलं, ताई. शब्द न् शब्द ऐकलं.”

सगळं थांबलं. पुढच्या खोलीतून ऑपरेटरनं विचारलं, “काका, कोणाशी बोलताय?”

दादा घरी गेला नाही. रात्रभर बसून जबाब लिहिला, हातानं, तीन प्रती. एक पोलिसांना. एक त्या नवऱ्याला. तिसरी घेऊन उजाडता उजाडता ताईच्या आईच्या दारात उभा राहिला. म्हातारीनं कागद वाचला नाही. मांडीवर ठेवला, त्यावरून हात फिरवला.

“आत्ता आलात होय?” म्हणाली.

दहा वाजता साहेबांनी पोलिसांकडून आलेली जबाबाची नक्कल टेबलावर आपटली. “पुरावा काय? नळकांडी मोजणाऱ्याचा शब्द?”

“यंत्रात आहे,” दादा म्हणाला.

यंत्र बसवणारीला बोलावलं. तिनं आधी मागच्या वायरी दाखवल्या. आतल्या लाइनची एकही वायर यंत्रात येत नव्हती. मग तिनं यादी उघडली. कॉल होता. सात सेकंदांचा. तिनं तो सगळ्यांसमोर लावला.

ताईचा आवाज त्यात नव्हता. साहेबांचाही नव्हता. फक्त दादा होता.

“ऐकलं, ताई. शब्द न् शब्द ऐकलं.”

बाईनं तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. मग स्क्रीन सगळ्यांकडे वळवला.

यंत्राचं खोकं फोडून आठवडा झाला होता. रेकॉर्डिंग चार महिन्यांपूर्वीचं होतं. त्याच रात्रीचं... साहेबांनी फोन ठेवला, त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटातलं.